डार्करूममधली चांदी आणि घरची मोरी

छायाचित्रणाचा इतिहास सांगताना कॅमेरे, भिंगे आणि गाजलेली चित्रे यांचीच नावे घेतली जातात. डार्करूमच्या मोरीतून काय वाहून गेले, याची नोंद क्वचितच होते.

१८१९ मध्ये जॉन हर्शेल यांना आढळले की ‘हायपो’च्या द्रावणात चांदीचे क्षार विरघळतात. वीस वर्षांनी, १८३९ मध्ये, चित्र टिकवायचे कसे या प्रश्नाचे उत्तर याच शोधात मिळाले. प्रकाश न लागलेले क्षार हायपोने काढून टाकले की चित्र पुढे काळवंडत नाही. (पदार्थाचे खरे नाव सोडियम थायोसल्फेट, स्टुडिओवाल्यांनी मात्र जुने चुकीचे नाव सोडले नाही.) अर्थात चित्रात न उरलेली चांदी त्या द्रावणात उतरते.

मुंबईत १८५४ मध्येच फोटोग्राफिक सोसायटी निघाली, म्हणजे ही रसायने येथेही लवकर पोहोचली. कलोडियनच्या काळात तर हायपोऐवजी पोटॅशियम सायनाइड वापरणारेही होते! तरीही त्या शतकातील चाणाक्ष स्टुडिओमालक धुवणाचे पाणी साठवीत, संवेदनशील कागदाची कात्रणे जाळून राख जपून ठेवीत आणि त्यांतून चांदी परत मिळवीत. हेतू निव्वळ व्यापारी होता. पण मोरीच्या दृष्टीने ते आजच्या हौशी मंडळींपेक्षा शहाणे ठरतात.

फिल्मकडे पुन्हा वळलेले तरुण म्हणतात, घरचे द्रावण ते केवढे! मात्र वापरलेल्या एका लिटर हायपोत काही ग्रॅम चांदी असू शकते. हायपोत बांधलेली चांदी मुक्त आयनांइतकी जहाल नसते, आणि मैलाशुद्धीकरण केंद्रात तिचा बराच भाग सल्फाइड होऊन गाळात बसतो, हे मान्य. जेथे मोरीचे पाणी थेट ओढ्याला मिळते, तेथे जलचरांच्या बाबतीत हा युक्तिवाद लंगडा पडतो.

म्हणून वापरलेले हायपो झाकणाच्या प्लास्टिक कॅनमध्ये, नाव व तारीख लिहून, मुलांपासून दूर ठेवावे. डेव्हलपर वेगळा साठवावा. हायपोत तीव्र आम्ल ओतल्यास सल्फर डायऑक्साइड सुटतो, तेव्हा रसायने एकमेकांत मिसळू नयेत. डायक्रोमेट आणि सेलेनियम टोनर तर थेंबभरही मोरीत जाता कामा नये. हायपोत स्टील वूल ठेवल्यास लोखंड विरघळते व चांदी काळसर गाळ होऊन खाली बसते. सगळी मात्र नाही, त्यामुळे उरलेले पाणीही निर्धोक मानू नये.

घरगुती घातक कचऱ्यासाठी संकलन केंद्रे उभारण्याची जबाबदारी २०१६ च्या घनकचरा नियमांनी स्थानिक स्वराज्य संस्थांवर टाकली. भरलेला कॅन घेऊन वॉर्ड ऑफिसात जाऊन ते केंद्र कोठे आहे, असे विचारणारे हौशी छायाचित्रकार वाढले पाहिजेत.