विदर्भाचा संघ : पाहुणे कोण आणि घरचे कोण?

रणजी करंडकाचा हंगाम जवळ येऊ लागला की आमच्या नागपुरात एक जुनाच वाद नव्या आवेशाने सुरू होतो. सकाळी तर्रीपोह्यांच्या गाडीभोवती उभे राहून आणि सायंकाळी धरमपेठेच्या कट्ट्यांवर बसून सुविद्य गृहस्थ निवड समितीला जे विनामूल्य सल्ले देत असतात, ते ऐकण्यासारखे असतात. सलामीस कोणी जावे, जामठ्याच्या खेळपट्टीवर वेगवान गोलंदाज वाढवावा की फिरकी, अशा प्रश्नांवर आवाज चढतात. परंतु या सर्व किरकोळ मतभेदांच्या तळाशी खरा प्रश्न एकच आहे, आणि तो गंभीर आहे. परप्रांतीय खेळाडूंना विदर्भाच्या संघात किती स्थान द्यावे?

एका पक्षाचे म्हणणे असे की, घेतलेला प्रत्येक पाहुणा हा वैदर्भीय मुलाच्या तोंडचा घास आहे. अकोल्याचा किंवा वर्ध्याचा मुलगा दहा वर्षे घाम गाळतो आणि संघनिवडीच्या दिवशी त्याची जागा दुसऱ्याच प्रांताचा फलंदाज घेतो, हे त्यांस सहन होत नाही. दुसरा पक्ष म्हणतो, करंडक भावनेने मिळत नाही. जो धावा करील तो आपला. दोन्ही पक्षांत तथ्य आहे, म्हणूनच हा वाद वर्षानुवर्षे मिटत नाही.

इतिहास काय सांगतो ते आधी पाहू. विदर्भाने रणजी स्पर्धेत पाऊल टाकले ते १९५७-५८ च्या हंगामात. त्यानंतर पहिला करंडक नागपुरास येण्यास तब्बल साठ वर्षे लागली. २०१७-१८ च्या हंगामात उपांत्य सामन्यात कर्नाटकावर अवघ्या पाच धावांनी मात करून, आणि मग इंदूरच्या होळकर मैदानावर दिल्लीस नमवून फैज फजल यांच्या संघाने ते स्वप्न साकार केले. त्या संघात मुंबईचे वसीम जाफर होते, कर्नाटकाचे गणेश सतीश होते आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित हेही मुंबईचेच. पण दिल्लीविरुद्ध त्रिक्रम साधणारा रजनीश गुरबानी आणि शतक झळकाविणारा अक्षय वाडकर ही विदर्भाची मुले होती, हे विसरून कसे चालेल? पुढच्याच वर्षी करंडक राखला गेला. तेव्हा जाफर यांनी हंगामात हजारांवर धावा केल्या आणि अंतिम सामन्यात आदित्य सरवटे याने अकरा बळी घेतले.

ही प्रथा आजची आहे असेही नव्हे. नागपुरात जन्मलेले कर्नल सी. के. नायडू, जे १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीत कर्णधार होते, त्यांची कीर्ती वाढली ती इंदूरच्या होळकर संघात. आमचा सुपुत्र इंदुरास पाहुणाच होता! तरीही इंदूरकरांनी त्यांस परके मानल्याचे ऐकिवात नाही.

आता अलीकडचे उदाहरण घ्या. २०२५ च्या फेब्रुवारीत जामठ्यास केरळविरुद्ध अंतिम सामना सुरू झाला तेव्हा विदर्भाची अवस्था ३ बाद २४ अशी दयनीय होती. तेथून २१५ धावांची भागीदारी करून डाव सावरला तो दोघांनी. एक कर्नाटकातून आलेले करुण नायर. दुसरा दानिश मालेवार, नागपूरचा एकवीस वर्षांचा तरुण, ज्याचा तो पहिलाच रणजी हंगाम होता. मालेवारने १५३ धावा केल्या. आघाडी मिळाली ती अवघ्या ३७ धावांची, आणि सामना अनिर्णित राहूनही तिच्याच जोरावर तिसरा करंडक आला. त्याच सामन्यात केरळकडून ७९ धावांची झुंजार खेळी करून विदर्भास घाम फोडणारा फलंदाज कोण होता? तोच आदित्य सरवटे, जो सहा वर्षांपूर्वी याच मैदानावर विदर्भाचा वीर ठरला होता. पाहुण्यांना दार बंद करा म्हणणाऱ्यांनी या प्रसंगाचा विचार करावा. येणाऱ्यांची मोजदाद आपण रोज करतो. जाणाऱ्यांची कोण करतो?

आम्ही पूर्वायुष्यात काही काळ शिक्षकी केली आहे. बाहेरून आलेला विद्वान शिक्षक शाळेस भूषण ठरतो की भार, याची परीक्षा तो असताना होत नाही; तो गेल्यावर वर्गाचे काय होते यावरून होते. हीच कसोटी येथे लावावी. त्या विजयानंतर करुण नायर स्वप्रांती परतले, यष्टिरक्षक जितेश शर्मा बडोद्यास गेले. संघ कोसळेल अशी भाकिते झाली. परंतु २०२५ च्या ऑक्टोबरात इराणी करंडकासाठी शेष भारताशी गाठ पडली, तेव्हा अकोल्याच्या अथर्व तायडेने १४३ धावा केल्या, यश राठोडने ९१ केल्या आणि विदर्भाने ९३ धावांनी विजय मिळविला. हर्ष दुबे याने त्याआधीच्या रणजी हंगामात ६९ बळी घेऊन स्पर्धेचा उच्चांक केला होता, तोही घरच्याच मातीतला. पाहुणे शिकवून गेले, वर्ग मागे उभा राहिला.

एका सामन्यावरून निश्चिंत व्हावे असे मात्र नाही. आमच्या मते पाहुण्यास घ्यावे ते ज्या जागी घरचा मुलगा खरोखरच तयार नाही त्या जागेसाठी, ठराविक मुदतीसाठी. आणि त्या मुदतीत त्या जागेचा वारस घडविणे हे संघचालकांचे कर्तव्य मानावे. निवडीची कारणे जाहीर करण्यात समितीची अप्रतिष्ठा नाही. विदर्भ म्हणजे अकरा जिल्हे. नागपूर आणि अकोल्याने संघास पुष्कळ दिले. गडचिरोली, गोंदिया, बुलढाणा येथील मुलांपर्यंत शोधणारी नजर पोचते काय, हा प्रश्न करुण नायर यांच्या जागेपेक्षा मोठा आहे. कोळसाखाणीतील कामगाराचा मुलगा उमेश यादव याच विदर्भातून भारताच्या कसोटी संघात जाऊ शकला, हे ध्यानात ठेवावे.

शेवटी रसिकांस एक विनंती. ज्या खेळाडूंच्या नावाने आपण भांडतो, त्यांचा साखळी सामना सुरू असतो तेव्हा जामठ्याची आसने बव्हंशी रिकामी असतात. वर्धा मार्गाने तेथवर जाण्याचे कष्ट ज्यांस नकोत, त्यांच्या अभिमानाची किंमत किती? घरच्या मुलास संघात जागा द्या असे म्हणणे रास्तच आहे. परंतु तो मुलगा जेव्हा फलंदाजीस उतरेल, तेव्हा त्यास टाळी देण्यास चार माणसे मैदानावर असावीत, ही जबाबदारी निवड समितीची नव्हे. ती आपली आहे.