धुळ्यातील बाडे आणि मारिओची कॅसेट

#थ्रेड #इतिहास

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. माळ्यांवर कुजणारी दप्तरे गोळा करण्यात या माणसाचे आयुष्य गेले. त्याच खान्देशात आज वेगळ्या प्रकारची दप्तरे भंगारात जात आहेत: पिवळ्या प्लास्टिकच्या व्हिडिओ गेमच्या कॅसेटी.

हसू येणे स्वाभाविक आहे. तरी थोडे मागे जाऊ.

निन्टेन्डो कंपनीच्या ‘डाँकी काँग’ (१९८१) या गेममध्ये उड्या मारणारा एक बुटका गडी होता. मोजक्या ठिपक्यांत ओठ काढणे जमेना म्हणून शिगेरु मियामोतो यांनी त्याला मिशा दिल्या; केस काढणे टळावे म्हणून टोपी घातली. हाच पुढे मारिओ झाला. १३ सप्टेंबर १९८५ रोजी जपानमध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ विक्रीस आला. आठ जगे, बत्तीस टप्पे, कोजी कोंदो यांचे संगीत, आणि हे सारे अवघ्या ४० किलोबाइटमध्ये! जागा वाचवण्यासाठी ढग आणि झुडूप यांना एकच आकृती वापरली आहे. फक्त रंग बदलला आहे.

खरे कौशल्य मात्र पहिल्या टप्प्यात आहे. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो आणि उजवीकडे सारे मोकळे असते. म्हणजे कुठे जायचे हे आपोआप कळते. पहिला शत्रू सावकाश चालत येतो. उडी मारली नाही तर मरण, आणि पुन्हा सुरुवात. वरच्या विटेतून निघालेली अळंबी नळाला आपटून उलट खेळणाऱ्याकडेच येते. एक अक्षरही न वाचता नियम शिकवणारा असा धडा क्वचितच सापडेल.

म्हणूनच तो जळगावात चालला. १९९१ नंतरच्या दशकात इथल्या घरांत मूळ जपानी यंत्र क्वचितच आले; आली ती ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’, ‘मायक्रो जीनियस’ अशा नावांची त्याच जातीची यंत्रे. माहितीपुस्तिका नसे, असली तरी कोणी वाचत नसे. शत्रूंची जपानी-इंग्रजी नावे इथवर पोहोचलीच नाहीत. मुलांनी जे दिसले त्याला कासव म्हटले, छत्री म्हटले. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की दुपारी अंगणात खेळणे अशक्य; मग टीव्हीसमोर ‘जान’ संपेपर्यंत पाळी, आणि धाकट्याच्या वाट्याला लुइजी. या गेममध्ये प्रगती साठवण्याची सोय नाही. सातव्या जगात असताना वीज गेली की पुन्हा पहिला टप्पा! पुढे भारनियमनाच्या काळात तर खान्देशातील किती राजकन्या कायमच्या कैदेत राहिल्या असतील, कोण जाणे.

या कॅसेटींना ‘चोरीचा माल’ म्हणून इतिहासाबाहेर ठेवले जाते. बहुतेक माल चोरीचाच होता, हे कबूल. पण नक्कल म्हटली की निरुपयोगी, हा न्याय धुळ्यात तरी कोणी सांगू नये. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली, समर्थ वाग्देवता मंदिरातील रामदासी बाडे पाहावीत. त्यांतल्याही कितीतरी नकलाच आहेत. नकलकाराची चूक, गाळलेली ओळ, पदरची भर यांवरूनच पोथी कोणत्या वाटेने फिरली ते कळते.

‘९९९९ इन १’ कॅसेटीतही असेच पाठभेद असतात. लेबलवर हजारो गेम, आत मोजकेच. तोच मारिओ दुसऱ्या नावाने, कधी थेट पुढच्या टप्प्यावरून सुरू होणारा. कोणत्या कॅसेटीत कोणता पाठ आहे हे जुळवले, तर तैवान-चीनमधील कारखान्यांपासून जळगावच्या फुले मार्केटपर्यंतची वाट रेखाटता येईल. ती कोणत्याही कंपनीच्या कागदपत्रांत सापडणार नाही.

मारिओच्या अधिकृत इतिहासाची चिंता नको. २०१६ मध्ये रिओ ऑलिंपिकच्या समारोपाला जपानचे पंतप्रधान शिंझो आबे मारिओच्या वेशात अवतरले. २०२३ च्या चित्रपटाने शंभर कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. प्रश्न खान्देशच्या पाठाचा आहे. चिपमधील मजकूर वाचून घेणे, लेबलांची छायाचित्रे काढणे, माल कुठून आणि केवढ्याला येई हे जुन्या विक्रेत्यांकडून टिपून घेणे, एवढे काम पदव्युत्तर वर्गातील चार विद्यार्थी एका उन्हाळी सुट्टीत करू शकतील. १९९५ च्या सुमारास चाळिशीत असलेले दुकानदार आज सत्तरीत आहेत.