ट्रॅकवरचे गाणे, ट्रॅकवरची सायकल

मंडळी, गेल्या काही वर्षांत मस्कतच्या मराठी घरांमध्ये दोन गोष्टींची भर पडली आहे. गाडीच्या मागे सायकल अडकवायचा स्टँड, आणि मोबाइलमध्ये साठवलेले कराओके ट्रॅक. दोन्हींचे कौतुक होते. 'आपले लोक फिटनेसच्या बाबतीत किती जागरूक झाले!' आणि 'आपली मुले स्टेजवर किती प्रोफेशनल गातात!' मला मात्र या कौतुकात सामील होता येत नाही. सायकल आणि गाणे या दोन्ही गोष्टी आपण त्यांच्या जागेवरून उचलल्या आणि ट्रॅकवर नेऊन ठेवल्या, आणि त्यात दोघींचाही जीव गेला, असे माझे स्पष्ट मत आहे.

लगेच कोणी म्हणेल, 'आले आणखी एक जुने-ते-सोने-वाले!' तसे मुळीच नाही. माझे पोटच संगणकावर चालते. अमुक काम यंत्रावर टाका, तमुक काम आपोआप होऊ द्या, हे लोकांना सांगण्याचेच मला पैसे मिळतात. त्यामुळे यंत्राला नावे ठेवण्याची मला हौस नाही. उलट, माणसाने बनवलेल्या सर्वांत हुशार यंत्रांत मी सायकलीचा नंबर फार वर लावीन. पायी चालायला जेवढी शक्ती लागते, तिच्या साधारण पाचव्या हिश्श्यात सायकलवरून तेवढेच अंतर कापता येते. आपलेच पाय, आपलाच दम. आपण थांबलो की तीही मुकाट्याने थांबते.

पेटी ही या सायकलीची चुलत बहीण. दोघीही एकोणिसाव्या शतकात युरोपातून आलेल्या, आणि दोघीही आपल्याकडे नांदायला येऊन पुरत्या इथल्या झालेल्या. तिकडे पेटी खुर्चीत बसून, पायाने भाता हलवून वाजवीत. आपल्याकडे ती बैठकीवर आली आणि भाता हाताने हलू लागला. तिला विरोध काही थोडाथोडका झाला नाही. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत टिकली. आक्षेप खोटा नव्हता. पेटीचे स्वर ठोकळेबाज, तिच्यात मींड नाही, श्रुती नाहीत. पण गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर अशा वादकांनी या ठोकळेबाज यंत्राला गायकाच्या पाठोपाठ चालायला शिकवले. गायक रेंगाळला की पेटी रेंगाळते, तो झेपावला की तीही झेपावते. यंत्र माणसाळवणे म्हणतात ते हे.

तेव्हा माझी कसोटी सोपी आहे. माणूस थांबला की जे थांबते, ते साधन. माणूस थांबला तरी जे पुढे पळत राहते आणि त्यालाच मागून धावायला लावते, तो मुकादम!

आता कराओके ट्रॅककडे पाहा. कराओकेचे यंत्र १९७१ मध्ये जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए नावाच्या वादकाने तयार केले. गंमत अशी, की तो स्वतः साथीदार होता. त्याच्या एका गिऱ्हाइकाला सहलीत गायचे होते आणि साथीला हाच वादक हवा होता. याला जाणे शक्य नव्हते, म्हणून त्याने साथ टेपवर भरून दिली. म्हणजे या कल्पनेचा उगमच मुळी 'साथीदार येऊ शकत नाही' या अडचणीत आहे. आपल्याकडे काय होते? साथीदार समोर प्रेक्षकांत तिसऱ्या रांगेत बसलेला असतो, आणि आपण स्टेजवर पेन ड्राइव्ह लावतो! तबला शिकलेली माणसे या गावात आहेत. पेट्या तर कित्येक घरांत आहेत, वरती छानसे भरतकामाचे कापड घालून ठेवलेल्या. त्यांच्यावर बंदी घालायला आता आकाशवाणीची गरज उरलेली नाही, कार्यक्रम समितीचा एक ई-मेल पुरतो.

ट्रॅकवर गाताना एखादे मूल कडवे विसरते, तेव्हा काय होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. ट्रॅक थांबत नाही. मूल पडद्याकडे बघते, आईकडे बघते, आणि अर्धे कडवे निघून गेल्यावर कुठेतरी उडी मारून बसते, चालत्या बसमध्ये चढावे तसे. तबला असता तर तबलजीने ठेका धरून ठेवला असता. केरव्याच्या आठ मात्रा, चार-पाच सेकंदांत एक आवर्तन. पेटीवाल्याने मुखड्याचा सूर दिला असता, मान हलवून खूण केली असती, आणि मूल समेवर परत आले असते. चूक झाली हे निम्म्या प्रेक्षकांना कळलेही नसते. आणि मुलाला काय कळले असते? की आपण अडखळलो तर शेजारचा माणूस आपल्यासाठी थांबतो. परदेशात वाढणाऱ्या मुलाला शिकवण्यासारखी याहून मोठी गोष्ट मला तरी ठाऊक नाही.

आपण त्या रंगभूमीचे वारस आहोत जिथे १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभे राहिले आणि पुढे 'वन्स मोअर'वर रात्री जागवल्या गेल्या. वन्स मोअर म्हणजे तेच गाणे पुन्हा, पण दरवेळी निराळे. ट्रॅकला वन्स मोअर द्या बरे! तोच मिक्स, तेच व्हायोलिन, तोच शेवट, सेकंदाचाही फरक नाही.

समितीचे म्हणणे मी ऐकले आहे आणि ते उडवून लावण्यासारखे नाही. पहिले म्हणणे, तालमींना वेळ कुणाला आहे? ऑफिस, शाळा, क्लासेस, ट्रॅफिक. खरे आहे. पण ट्रॅकवर मूल घरी एकटे तालीम करते, आणि साथीवर करायची तर चार घरे एकत्र येतात. मंडळ कशासाठी काढले होते आपण? वर्षातून दोनदा पुरी-भाजी खाण्यासाठी? तो 'वाया जाणारा' वेळ हेच मंडळ आहे. दुसरे म्हणणे, ट्रॅकवर आवाज भरदार लागतो, कार्यक्रम प्रोफेशनल वाटतो. अहो, पण आपण प्रोफेशनल नाही आहोत! आपण हौशी आहोत, आणि हौशी असणे ही शरमेची बाब कधीपासून झाली? तिसरे म्हणणे, साथीदारांचा दर्जा कमी पडतो. पडणारच. वर्षानुवर्षे वाजवायला दिले नाही तर हात कुठून तयार होणार?

या बाबतीत आपण ज्या देशात राहतो त्याच्याकडे बघावे. सुलतान काबूस यांना पाश्चात्त्य सिंफनी संगीताची आवड होती. त्या आवडीपुरते परदेशी वाद्यवृंद बोलावणे या देशाला अवघड नव्हते. पण १९८५ मध्ये रॉयल ओमान सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापन झाला तो ओमानी तरुण मुलामुलींना अगदी पहिल्यापासून वाद्ये शिकवून. ज्यांनी आयुष्यात व्हायोलिन हातात धरले नव्हते त्यांच्या हातात ते दिले गेले आणि वर्षानुवर्षे धीर धरला गेला. २०११ मध्ये रॉयल ऑपेरा हाऊस उभे राहिले ते त्याच्या पाव शतकानंतर. आधी माणसे, मग इमारत. आपण मात्र आधी साउंड सिस्टिम घेतो आणि माणसांना सांगतो, बसा खाली!

आता सायकल. हमरियात राहणाऱ्याला सायकल दिसत नाही असा दिवस जात नाही. किराणा दुकानाचा डिलिव्हरीवाला कॅरिअरला पाण्याचे बाटले आणि हँडलला दूध-पावाच्या पिशव्या लटकावून चढ चढत असतो. लाँड्रीवाला एका हाताने हँडल आणि दुसऱ्या हाताने हँगरचे कपडे सांभाळत जातो. रात्रपाळी संपवून कामगार परततात, बहुतेकांच्या सायकलला मागे दिवा नाही, काहींना ब्रेक असल्याची शंका यावी. हे लोक सायकलपटू नाहीत म्हणे. ते नुसते सायकलवर असतात!

सायकलपटू म्हणजे आपण. शुक्रवारी पहाटे पाच वाजता हजारभर रियालची कार्बनची सायकल गाडीला अडकवायची, कुरुमच्या किनाऱ्यावर गाडीने जायचे, तिथे अंगाला घट्ट कपडे चढवून तीस किलोमीटर मारायचे, आणि सायकल पुन्हा गाडीवर चढवून घरी यायचे. मग ॲपवरचा नकाशा ग्रुपवर. मला या व्यायामाबद्दल तक्रार नाही. २०१० मध्ये सुरू झालेल्या 'टूर ऑफ ओमान'मध्ये जगातले नामवंत सायकलपटू जबल अख्दरचा चढ चढतात तेव्हा मीही टाळ्या वाजवतो. तक्रार पुढच्या दृश्याबद्दल आहे. तोच आपला सायकलप्रेमी शनिवारी संध्याकाळी हमरियाच्या अरुंद गल्लीत गाडी घेऊन शिरतो, पुढे तो डिलिव्हरीवाला असतो, आणि याचा हात हॉर्नवरून उठत नाही. सायकलचे प्रेम नेमके कुठल्या गल्लीत संपते ते इथे कळते.

आणि पुणेकरांनी तर या विषयावर जरा जपूनच बोलावे. आपले पुणे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. कॉलेजची मुले, शिक्षक, कारखान्यातले कामगार सगळे सायकलवर, एकाच रस्त्यावरून. मग स्कूटर आली, १९७२ मध्ये चेतक आली आणि तिच्यासाठी लोकांनी वर्षानुवर्षे नंबर लावले. पुढे मोटारी आल्या. मग कुणाला तरी सायकलची आठवण झाली आणि ट्रॅक बांधले गेले. २००६ मध्ये कात्रज–स्वारगेट–हडपसर बीआरटी सुरू झाली, तिच्यासोबत सायकल ट्रॅकही आले. कुठे मध्येच झाड, कुठे विजेचा खांब, कुठे वडापावची गाडी, आणि उरलेल्या जागेत लावलेल्या दुचाक्या. २०१७ च्या अखेरीस महापालिकेने सायकलींचा सविस्तर आराखडाही मंजूर केला. पण आराखड्याने सायकल चालत नाही. रस्त्यावरून सायकलला हाकलून 'तुझ्यासाठी वेगळी जागा केली आहे हो' असे सांगितले, की ती जागा कुणी बळकावली तरी कुणाला पत्ता लागत नाही. सायकलला खरी गरज असते ती इतरांनी थोडे हळू जाण्याची. तबलजी मुलासाठी थांबतो ना, तेच मोटारीला जमले पाहिजे.

'अहो, पण मस्कतचे ऊन?' हा प्रश्न येणारच. जून ते ऑगस्ट भर दुपारी उघड्यावरच्या कामाला या देशात कायद्यानेच बंदी असते, ती उगाच नव्हे. त्या दिवसांत तुमच्या मुलांना सायकलवर पाठवा असे कुणीच म्हणणार नाही. पण नोव्हेंबर ते मार्च इथली हवा पुण्याच्या थंडीला लाजवणारी असते, आणि तेव्हाही आपण दोन इमारती सोडून असलेल्या दुकानात गाडीने जातो, किंवा फोन करतो. फोन केला की कोण येतो? तोच, सायकलवर, जुलैतसुद्धा. १ एप्रिल २०२० ला मतरा विलायत बंद झाली आणि आपण घरात अडकलो, तेव्हाही आमच्या दारापर्यंत दूध-पाव घेऊन येणारे हेच होते. ऊन त्यांनाही लागते.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सायकल चालवताना दोन्ही कानांत बोंडे कोंबून गाणी ऐकणारे वाढले आहेत. हमरियासारख्या वस्तीत कान हाच तुमचा मागचा आरसा. ते बंद करून पायडल मारणे म्हणजे डोळे मिटून रस्ता ओलांडणे. शिवाय गाणे हवेच असेल तर गळा आहे की! पायडलची लय धरून गुणगुणून पाहा, दमसास कळतो. गळ्यातले गाणे चढावर आपोआप मंदावते, कानातले मंदावत नाही.

मंडळी, नुसती टीका करून पळून जाणे बरे नव्हे. म्हणून तीन मागण्या मांडतो.

पहिली, कार्यकारी समितीकडे. येत्या गणेशोत्सवात निदान निम्मी गाणी प्रत्यक्ष साथीवर व्हावीत. तबला नसेल तर नुसत्या पेटीवर, पेटी नसेल तर टाळांवर. तंबोऱ्याचे इलेक्ट्रॉनिक यंत्र वा मोबाइलवरचे ॲप वापरायला माझी काहीच हरकत नाही, कारण ते सूर धरून तुमची वाट बघत बसते. मुकादमी करीत नाही.

दुसरी, प्रत्येक घराकडे. मंडळाने वर्गणी काढावी असे मी म्हणत नाही, निधी गोळा करायला इथे सरकारी परवानगी लागते. पण आपल्या घरी सामान आणणाऱ्या सायकलीला मागे लाल दिवा आहे का, एवढे आज बघावे. नसेल तर एक आणून आपल्या हाताने लावून द्यावा. आपल्या सायकलच्या हेल्मेटच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही.

तिसरी, गाडी चालवणाऱ्या आपणा सर्वांकडे. हमरियाच्या गल्लीत पुढे सायकल असेल तर हॉर्न वाजवू नये, मागे राहावे, आणि दीड मीटर जागा मिळेल तेव्हाच पुढे जावे. घरी पोहोचायला फार तर एक मिनिट उशीर होईल.

या लेखाबद्दल समितीतल्या काही मित्रांचा राग येणार हे मी गृहीत धरले आहे. त्यांनी जरूर रागवावे. फक्त रागाचे उत्तर पुढच्या तालमीला, तबल्याची हातोडी हातात घेऊन द्यावे, एवढीच नम्र विनंती.