पेटंटच्या कुलपात संगणकविद्या

ज्ञानावर पहारा बसवण्याची या देशातली चाल जुनी आहे. आता तो पेटंटच्या रूपाने संगणकावर बसू पाहतो आहे. नगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या कामगाराच्या पोराचा याच्याशी काय संबंध? आहे. जुन्या संगणकावर लिनक्स टाकून, दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम उघडून वाचत तो शिकू शकतो. फी नाही, कोणाची परवानगी नाही.

कॉपीराइट लिहिलेल्या मजकुराला असतो. मुक्त सॉफ्टवेअरचे परवानेही त्यावरच उभे आहेत. त्याला आमची हरकत नाही. पेटंट मात्र पद्धतीलाच कुलूप लावते. पोराने कोणाचे न बघता, स्वतःच्या डोक्याने तीच पद्धत शोधली तरी वीस वर्षे मालक दुसराच! मोठ्या कंपन्या आपसांत पेटंटची देवाणघेवाण करून मोकळ्या होतात. आमच्या पोराकडे द्यायला काय आहे? वकिलाची फीसुद्धा नाही.

निव्वळ संगणक प्रोग्रामला पेटंट नाही, असे पेटंट कायद्याचे कलम ३(के) सांगते. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने त्याला भोक पाडले; हार्डवेअरशी जोडलेला प्रोग्राम पेटंटला पात्र ठरणार होता. डाव्या पक्षांनी विरोध केला, म्हणून मार्च २००५ मध्ये संसदेने ती तरतूद गाळली. पुढे पेटंट कार्यालयाच्या २०१६ च्या सूचनांत नव्या हार्डवेअरची अट होती. २०१७ मध्ये तीही काढली. त्यासाठी संसदेत जावे लागले नाही.

आता सगळी मदार ‘निव्वळ’ या एका शब्दावर आहे. पुण्या-मुंबईत आयटीत नोकरी करणाऱ्या आमच्या पोरांनी एखाद्या रविवारी विहारात बसून हे कलम वस्तीला समजावून द्यावे.