गुडघ्यात तूप जात नाही

रविवारी विहारात वंदनेच्या वेळी मागच्या भिंतीलगतच्या प्लास्टिकच्या खुर्च्या वाढत चालल्या आहेत. पूर्वी दोन-तीन पुरायच्या, आता पूर्ण ओळ लागते. त्यांवर बसणाऱ्या बहुतेक आपल्या आया-मावश्या. कोणी आयुष्यभर धुणीभांडी केली, कोणी रस्ता झाडला, कोणी बांधकामावर घमेली वाहिली. गुडघ्याचं विचारलं की उत्तर ठरलेलं, "वंगण संपलंय गं." शेजारणीचा सल्लाही ठरलेला, "तूप खा, तेल चोळ." आणि दवाखान्यात गेलं की मान वर न करता, "वजन कमी करा."

या तिन्ही वाक्यांत चरबीचाच विषय आहे. सांध्यातल्या चरबीवर गेल्या काही वर्षांत बरंच संशोधन झालं आहे. ते आपल्या घरांपर्यंत पोहोचलं पाहिजे असं आम्हाला वाटतं, कारण त्यात आपल्या बायांवरचा एक आळ पुसला जातो.

आधी वंगणाचं. मावशी म्हणते ते खोटं नाही. सांध्याला आतून एक पातळ अस्तर असतं आणि ते चिकट द्रव तयार करतं. हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. या द्रवात फॉस्फोलिपिड नावाचे स्निग्ध रेणू असतात. ते कूर्चेवर पातळ थर धरतात, म्हणून घर्षण कमी होतं. पण खाल्लेलं तूप आतड्यात पचतं, तुटतं. ते तसंच्या तसं गुडघ्यात जाऊन बसत नाही. चोळलेलं तेलही कातडीतून सांध्यात उतरत नाही. चोळल्यानं ऊब मिळते, बरं वाटतं, तेवढ्यासाठी जरूर चोळावं. महागडी बाटली मात्र कशाला?

स्पेनमधल्या ला कोरुन्या आणि नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट इथल्या संशोधकांनी या अस्तराचे कागदाहून पातळ काप घेतले. मास स्पेक्ट्रोमेट्री इमेजिंग या तंत्रानं कापावरच्या ठिपक्या-ठिपक्यावर कोणते स्निग्ध रेणू आहेत, याचा नकाशाच काढला. २०२१ साली त्यांनी दाखवून दिलं की झिजेचा संधिवात झालेल्या सांध्याच्या अस्तरातली चरबी निरोगी सांध्यापेक्षा वेगळी असते. म्हणजे हा आजार फक्त गादी घासली जाण्याचा नाही. आतलं सगळं घरच बदललेलं असतं. आधी काय बिघडतं आणि मागून काय, हे मात्र अशा नकाशावरून ठरत नाही.

आता वजनाचं. वजनानं गुडघ्यावर भार येतो हे खरंच आहे. पण जाड माणसांच्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार जास्त दिसतो, आणि बोटांवर तर कोणी चालत नाही! अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २००९ साली लेप्टिन नसलेल्या उंदरांवर अभ्यास झाला. लेप्टिन हा चरबीच्या पेशींतून निघणारा संप्रेरक. ते उंदीर प्रचंड लठ्ठ होते, तरी त्यांना गुडघ्याचा संधिवात झाला नाही. २०२१ मध्ये सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात उलटं करून पाहिलं. अंगात चरबीच नसलेल्या उंदरांच्या गुडघ्याला इजा केली, तरी कूर्चा शाबूत राहिली. त्यांच्या अंगात थोडी चरबी बसवल्यावर मात्र तोच गुडघा बिघडला. चरबी म्हणजे नुसतं ओझं नाही. ती जिवंत ऊती आहे, रक्तातून सांध्याला संदेश पाठवते. गुडघ्याच्या वाटीखालीही चरबीची एक छोटी उशी प्रत्येकाला असते, अगदी काटकुळ्या माणसालाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे मान्य. तरीही "खाऊन खाऊन वाढलीस, म्हणून गुडघे गेले" असं घरात आणि दवाखान्यात बाईला ऐकवलं जातं, ते आम्हाला पटत नाही. सकाळी चहा-पाव, दुपारी उरलेला भात, रात्री पामतेलातली भाजी आणि दिवसभर उभ्यानं राबणं, यात तिनं चैन कधी केली?

वजन कमी करण्याचा सल्ला मात्र टाकाऊ नाही. एक किलो वजन घटलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं कमी होतो. उत्तर कॅरोलिनात ४५४ जणांवर दीड वर्ष अभ्यास झाला, तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम दोन्ही केलेल्यांचं वजन सरासरी अकरा टक्क्यांनी उतरलं आणि नुसता व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचं दुखणंही कमी झालं. चहातली साखर आणि घरातलं तेल सगळ्यांचंच कमी व्हावं, एकट्या आईचं नव्हे. खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करून थोडा वेळ धरावा, असं रोज दोन्ही पायांनी करावं. मांडीचे स्नायू मजबूत झाले की गुडघ्याला आधार मिळतो.

दोन गोष्टींत हयगय नको. सकाळी उठल्यावर बोटं तासभर आखडत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजून गरम लागत असतील, तर तो वेगळा संधिवात असू शकतो. त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. त्याला लवकर औषध मिळालं तर सांधे वाचतात, म्हणून सरकारी रुग्णालयात लगेच दाखवावं. दुसरं, दोन दिवसांत उड्या मारायला लावणारी बिननावाची पुडी घेऊ नये. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. त्यानं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात.

आणखी एक गोष्ट मंडळांच्या कार्यकर्त्यांसाठी. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात उकिडवं बसता येत नाही म्हणून कितीतरी बाया पाणी कमी पितात, पोट दाबून ठेवतात. लाजेनं बोलत नाहीत. प्रत्येक शौचालयात बायकांच्या बाजूला निदान एक कमोड आणि उठताना धरायला भिंतीत एक लोखंडी दांडी हवी. नगरसेवकाकडे गटार-नळाचा अर्ज घेऊन जातो, त्यात ही ओळ घालायला काय हरकत आहे? खुर्च्यांच्या ओळीतल्या बायांच्या सह्या आधी घ्याव्यात.