तरंगणारे फुप्फुस

नाल्याकाठी नवजात अर्भकाचे प्रेत सापडले, की तपास एका प्रश्नापाशी येऊन अडतो: मूल जिवंत जन्मले होते काय? जन्म लपविण्यासाठी प्रेत गुप्तपणे पुरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ९४ अन्वये दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध आहे, मग मूल केव्हाही मेलेले असो. परंतु ते श्वास घेऊन मग मेले असे ठरले, तर मातेवर खुनाचा आरोप येऊ शकतो.

हे ठरविण्याची जुनी कसोटी म्हणजे फुप्फुस पाण्यात टाकून पाहणे. तरंगले तर श्वास घेतला, बुडाले तर नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील न्यायालयांत आलेली ही कसोटी फसवी आहे, हे वैद्यकशास्त्राला केव्हाच कळून चुकले आहे. कुजण्याने उत्पन्न झालेल्या वायूंनीही फुप्फुस तरंगते. सुइणीने मुलाच्या तोंडात फुंकर घातली असेल तरीही तरंगते. आणि पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा रस्ता बंद पडतो, तेव्हा प्रेत शवागारात ताजे पोहोचेल कसे?

सी.टी. स्कॅन येथे उपयोगी पडते. हवा फुप्फुसात, जठरात, आतड्यात कोठवर गेली, हाड मोडले आहे काय, मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी अस्थिकेंद्र दिसते काय, म्हणजे मूल पुऱ्या दिवसांच्या जवळपासचे होते काय, हे सारे शरीर न चिरता दिसते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत अशी तपासणी २०२१ पासून होते. अर्थात कुजण्याचे वायू चित्रातही उमटतातच. चित्र हा निवाडा नव्हे. त्याचा मोठा गुण असा, की ते टिकते व दुसऱ्या तज्ज्ञाला पुन्हा पाहता येते. चिरलेले फुप्फुस पुन्हा तपासता येत नाही.

शिवाय, नवजाताच्या मृत्यूमागे गुन्हाच असणार, हे गृहीत या भागात तरी धरू नये. डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९३ पासून गडचिरोलीच्या ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची नोंद ठेवली, आप्तांना विचारून मृत्यूची कारणे शोधली. जंतुसंसर्ग हे त्यांतले प्रमुख निघाले.

चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. संशयित प्रकरणांत स्कॅन तेथे करणे अशक्य वाटले, तर सर्वांगाचा साधा क्ष-किरण फोटो तरी काढावा. केवळ तरंगलेल्या फुप्फुसावर खुनाचे आरोपपत्र दाखल होऊ नये. आणि त्या चित्रांची प्रत आरोपी स्त्रीच्या वकिलाला पहिल्या तारखेपूर्वी, विनामूल्य मिळावी.