तोफा थंडावेपर्यंत थांबायचं कशाला?

ऑस्करच्या नामांकनांचे दिवस आले, की सिनेमावर लिहिणाऱ्यांत एक जुना वाद नव्याने रंगतो. चालू युद्धावरच्या चित्रपटाला पुरस्कार द्यावा का, आणि दिला तर तो चित्रपटाला की बातमीला? नको म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष असा : युद्ध पेटलेलं असताना कलावंताला अंतर मिळत नाही, म्हणून हाती येतो तो प्रचार किंवा आक्रोश. मतदारही अशा वेळी कलेऐवजी सहानुभूतीला मत देतात. आणि पुरस्काराने एक गोळीही थांबत नाही, तेव्हा हा सारा खटाटोप स्वतःच्या मनाच्या समाधानासाठी.

अंतराचा मुद्दा आधी घेऊ, कारण त्याच्या बाजूने पुरावा आहे. ‘मिसेस मिनिव्हर’ला मार्च 1943मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटासह 6 ऑस्कर मिळाले, तेव्हा दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. त्यातलं पाद्र्याचं शेवटचं भाषण रूझवेल्टना इतकं पसंत पडलं, की त्याची पत्रकं छापली गेली. हा चित्रपट प्रचारपट होता, हे मान्यच करायला हवं. पण पुढच्याच वर्षी, मार्च 1944मध्ये, हाच मान ‘कॅसाब्लांका’ला मिळाला. हिटलरच्या तावडीतून निसटलेले अनेक कलाकार त्यात होते आणि 1942च्या उन्हाळ्यात चित्रण चाललं होतं, तेव्हा युद्ध कोण जिंकणार हे त्यांच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. त्या अनिश्चिततेचा ताण पडद्यावर आजही जाणवतो. शेवट ठाऊक असलेल्या दिग्दर्शकाला तो आणता आला नसता.

उलट, अंतर मिळालं म्हणजे सत्य हाती लागतं, असंही नाही. ‘द डीअर हंटर’ व्हिएतनाम युद्ध संपल्यावर काही वर्षांनी आला आणि 1979मध्ये सर्वोत्कृष्ट ठरला. त्यात व्हिएतनामी सैनिक अमेरिकी कैद्यांना बळजबरीने रशियन रूलेट खेळायला लावतात. या प्रसंगाला आधार काय, असा सवाल त्या युद्धाचं वार्तांकन केलेल्या पत्रकारांनीच केला होता.

सहानुभूतीच्या मतांचा आरोप तर निकालांपुढे टिकतच नाही. सीरियातल्या स्वयंसेवकांवरच्या ‘द व्हाइट हेल्मेट्स’ या लघु माहितीपटाला 2017मध्ये ऑस्कर मिळालं, हे खरं. पण पूर्ण लांबीच्या माहितीपटांत काय झालं? 2018मध्ये ‘लास्ट मेन इन अलेप्पो’ हरला, तो खेळातल्या उत्तेजक द्रव्यांवरच्या ‘इकारस’पुढे. 2020मध्ये ‘फॉर समा’ आणि ‘द केव्ह’ हे सीरियावरचे दोन माहितीपट एकाच वेळी स्पर्धेत होते. जिंकला ओहायोतल्या काच कारखान्यावरचा ‘अमेरिकन फॅक्टरी’. व्हेनिस चित्रपट महोत्सवातही 2025 साली ‘द व्हॉइस ऑफ हिंद रजब’ संपल्यावर प्रेक्षक वीस मिनिटांहून अधिक काळ उभे राहून टाळ्या वाजवत होते. तरीही गोल्डन लायन गेला जिम जार्मुश यांच्या चित्रपटाला, आणि गाझातल्या हिंद रजब या चिमुरडीच्या फोनवरच्या आर्जवांचा चित्रपट दुसऱ्या क्रमांकावर राहिला.

यावर चतुर माणूस म्हणेल, जे युद्ध हॉलिवूडला सोयीचं तेच जिंकतं. म्हणून युक्रेनवरचा ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’ जिंकला. मग मार्च 2025मध्ये ‘नो अदर लँड’ कसा जिंकला? वेस्ट बँकमधल्या मसाफर यत्ता भागातली गावं पाडली जातानाचा हा माहितीपट पॅलेस्टिनी आणि इस्रायली दिग्दर्शकांनी मिळून केला. त्याला हात लावायला अमेरिकेतला एकही वितरक तयार नव्हता. याला सोय म्हणायचं, तर गैरसोय कशाला म्हणणार?

जिंकलेले चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, की वेगळंच सूत्र दिसतं. त्यांची चौकट आखूड आहे. ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’मध्ये एक वेढलेलं शहर आणि 20 दिवस. ‘नो अदर लँड’मध्ये डोंगरावरची मूठभर गावं. ‘द हर्ट लॉकर’मध्ये बगदादमधली बॉम्ब निकामी करणारी तुकडी आणि तिच्या मुक्कामाचे उरलेले दिवस. तो मार्च 2010मध्ये जिंकला, तेव्हा अमेरिकी फौजा इराकमध्येच होत्या. चालू युद्धाचा निवाडा आज देता येत नाही, हे या दिग्दर्शकांनी ओळखलं. जेवढं स्वतः पाहिलं किंवा पडताळलं, तेवढंच त्यांनी मांडलं. हा संयम म्हणजे कलाच, आणि मतदारांनी तो ओळखला तर त्यात दया कुठे आली?

राहिला शेवटचा आक्षेप. पुरस्काराने युद्ध थांबत नाही, हे ‘ट्वेंटी डेज इन मारिउपोल’चे दिग्दर्शक मस्तिस्लाव चेर्नोव यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? युक्रेनचं पहिलं ऑस्कर 10 मार्च 2024 रोजी हाती घेऊन ते म्हणाले, की हा चित्रपट करण्याची वेळच आली नसती तर बरं झालं असतं. पण मारिउपोलच्या प्रसूतिगृहावर 9 मार्च 2022 रोजी बॉम्ब पडला, तेव्हा रशियाने ती दृश्यं बनाव ठरवली होती. ती कोणी, कुठे उभं राहून टिपली आणि वेढ्यातून बाहेर कशी पाठवली, हे चेर्नोव यांचा माहितीपट दाखवतो. बातमी आठवड्यात विरते. पुरस्कारामुळे हा पुरावा दूरदूरच्या प्रेक्षकांपर्यंत गेला आणि नाकारणं अवघड झालं. युद्ध संपल्यावरच साक्ष ऐकू म्हणणाऱ्या न्यायालयात साक्षीदार जिवंत उरेलच, याची हमी कोण देणार?

मात्र साक्षीला मान दिला, की साक्षीदाराची जबाबदारीही अंगावर येते. ‘नो अदर लँड’च्या दिग्दर्शकांपैकी एक, हमदान बल्लाल, यांना ऑस्करनंतर महिनाही उलटला नव्हता, तोच वसाहतवाल्यांनी मारहाण केली आणि इस्रायली सैनिकांनी रात्रभर डांबून ठेवलं. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या पहिल्या पत्रकात त्यांचं नावही नव्हतं. शेकडो सदस्यांनी जाहीर निषेध केला, तेव्हा कुठे अकादमीने माफी मागितली. दोष द्यायचा तर तो इथे द्यावा. चालू युद्धावरच्या चित्रपटांना पुरस्कार जरूर मिळावेत, युद्ध चालू असतानाच मिळावेत. आणि देणाऱ्याने सोहळ्यानंतरही त्या माणसांची नावं घेण्याची तयारी ठेवावी.